मुस्तफाला गिगाहर्ट्झ कशाला?

नवा सिंगल बोर्ड कॉम्प्युटर बाजारात आला की एक ठरलेला जयजयकार सुरू होतो. प्रोसेसर दुप्पट-तिप्पट वेगवान, ग्राफिक्स नवं, रॅम ढिगाने. म्हणजे आता जुने व्हिडिओ गेम अखेर हुबेहूब चालणार, आधीचे बोर्ड माळ्यावर टाका! रॉकचिपच्या आरके3588 चिपवरचे ऑरेंज पाय 5 आणि रॉक 5 आले तेव्हा हेच ऐकलं, 2023 मध्ये रास्पबेरी पाय 5 आला तेव्हाही हेच. सोलापुरातली इंजिनिअरिंगची पोरंही हेच सांगतात आणि चाळिशी ओलांडलेले त्यांचे काकाही: नवा बोर्ड घे, लहानपण परत येईल. माझ्या मते या समजुतीचा निम्मा भाग आपल्याला लागू नाही आणि उरलेला निम्मा चूक आहे.

पूर्वपक्ष दुबळा करून पाडण्यात मौज नाही, म्हणून तो त्याच्या सर्वांत भक्कम रूपात घेऊ. इम्युलेटर म्हणजे एका यंत्राने घेतलेलं दुसऱ्या यंत्राचं सोंग. सोंग जितकं काटेकोर, तितका खर्च जास्त. सुपर निन्टेंडोचा प्रोसेसर जास्तीत जास्त 3.58 मेगाहर्ट्झवर चालायचा. पण त्यातली प्रत्येक चिप घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला काय करते हे जसंच्या तसं वठवायचं तर 3 गिगाहर्ट्झच्या घरातला संगणक लागतो, असं बीस्नेस या इम्युलेटरच्या कर्त्याने 2011 मध्ये जाहीरपणे मांडलं. मूळ यंत्राच्या आठशे पटींहून जास्त वेग! अचूकतेला ताकद लागते हा सिद्धान्त मला मान्य आहे. 2012 च्या पहिल्या रास्पबेरी पायचा एकुलता गाभा 700 मेगाहर्ट्झवर चालायचा. पाय 5 चे चार गाभे 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात. हा फरक कोणी नाकारत नाही.

पण सोलापुरात खेळलं काय गेलं?

सेगाचा मेगाड्राइव्ह भारतात 1995 मध्ये शॉ वॉलेस कंपनीने आणला (होय, तीच मद्यवाली). किंमत अठरा हजार रुपये. गिरण्या आणि यंत्रमागांवर पोट असलेल्या गावात तो किती घरांत पोचला असेल, याचा हिशेब वाचकाने स्वतःच करावा. सुपर निन्टेंडोचीही तीच गत. आपल्याकडे आला तो ‘टीव्ही गेम’: समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांचा, प्लॅस्टिकच्या डब्यातला, वर कार्ट्रिज खोचायचा. सुट्टीत तो तासावर भाड्यानेही मिळायचा. यांतल्या बहुतेकांच्या पोटात निन्टेंडोच्या 1983 सालच्या फॅमिकॉमची नक्कल होती. प्रोसेसर पावणेदोन मेगाहर्ट्झच्या आसपास, कामाची रॅम 2 किलोबाइट. दुसरीकडे पार्लरमध्ये नाणं टाकून खेळायचा ‘मुस्तफा’, म्हणजे कॅपकॉमचा 1993 सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. खेळाचं खरं नाव कोणाच्या तोंडी नव्हतं. पिवळ्या टोपीतल्या मुस्तफाच्या नावानेच तो भारतभर ओळखला गेला.

या दोन्हींसाठी लागणारी ताकद कधीच हाती आलेली आहे. फॅमिकॉमचं सोंग घेणारा नेस्टिकल हा इम्युलेटर 1997 मध्ये डॉसवर चालत होता. पार्लरमधले खेळ वाचवणारा मॅम त्याच वर्षी सुरू झाला. 2016 च्या रास्पबेरी पाय 3 वर टीव्ही गेमची कार्ट्रिजंही चालतात आणि मुस्तफाही चालतो. तेव्हा ‘अखेर’ हा शब्द निदान आपल्या गावापुरता कित्येक वर्षं उशिरा आलेला आहे.

इथे प्रतिपक्ष म्हणेल, चालतात हे ठीक, पण हुबेहूब चालतात का? मग विचारायला हवं, हुबेहूब कशाशी?

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि तोच कोणी विचारत नाही. जपान-अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला साठ चित्रं दाखवायचा, आपला पाल पद्धतीचा टीव्ही पन्नास. निन्टेंडोने युरोपसाठी पन्नासाचं यंत्र बनवताना प्रोसेसरही 1.66 मेगाहर्ट्झपर्यंत उतरवला. त्यामुळे प्रोसेसरच्या एका ठोक्याला चित्राचे 3.2 ठिपके असं विचित्र गणित झालं. तैवानच्या क्लोन चिपवाल्यांनी वेगळी वाट काढली. प्रोसेसर 1.77 मेगाहर्ट्झवर ठेवला, ठोक्याला तीन ठिपके हे जपानी गणितही तसंच ठेवलं. चित्राच्या ओळी मात्र 262 च्या 312 केल्या आणि त्या जादा 50 ओळींचा वेळ नुसता रिकामा घालवला. परिणाम मजेदार झाला. जपानी कार्ट्रिजं न अडखळता चालली, सुरांची पट्टी जवळपास तीच राहिली, पण खेळ आणि संगीताची लय एक षष्ठांशाने संथ झाली. रशियात हाच प्रकार ‘डेंडी’ नावाने विकला गेला, म्हणून इम्युलेटरवाले या गणिताला आजही डेंडी म्हणतात.

सोलापूरकराला हे लवकर कळावं. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत चादरीच्या मागावर काम करणाऱ्या कोणत्याही जॉबरला विचारा. जकार्डने हुक उचलले, ताणा दुभंगला, की नेमक्या त्याच क्षणी धोटा आरपार जायला हवा. माग नुसता जोरात पळवला आणि हे टायमिंग चुकलं, तर चादर लवकर निघत नाही, ताण्याचे धागे तुटतात. इम्युलेटरमध्येही प्रोसेसर आणि चित्राची चिप यांचा मेळ हाच जीव असतो, आणि तो मेळ गिगाहर्ट्झ बसवत नाहीत. ज्याने मूळ यंत्र मोजून तो कोडमध्ये उतरवला, तो बसवतो.

आता नवा बोर्ड घेतलेला माणूस काय करतो? अमेरिकी गणितावर साठ चित्रांनी खेळ लावतो, ‘काय स्मूथ आहे’ म्हणतो आणि थोड्या वेळात कुरकुरतो की लहानपणी हा खेळ सोपा होता. सोपा नव्हता, संथ होता! लहानपणी पाल टीव्हीसाठीच्या क्लोनवर खेळलेल्याला आपला खेळ हवा असेल, तर एफसीईयूएमएम किंवा नेस्टोपिया या इम्युलेटरच्या सेटिंगमध्ये प्रदेश म्हणून डेंडी निवडायचं आणि टीव्हीकडे जाणारा सिग्नल 50 हर्ट्झचा करायचा. नाही तर पन्नास चित्रं साठात कोंबताना ती गचके खातात. दोन्ही कामं फुकट होतात आणि जुन्या बोर्डावरही होतात.

त्याच टीव्ही गेमसोबत बंदूक यायची, बदकं मारायची. कितीही भारी बोर्ड आणा, ती बंदूक एलईडी टीव्हीवर चालणार नाही. घोडा दाबला की खेळ क्षणभर पडदा काळा करतो आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. बंदुकीतल्या प्रकाशग्राहकाला आधी अंधार, मग नेमक्या वेळी उजेड दिसला की बदक पडतं. ही सगळी मोजणी जुन्या पिक्चर ट्यूबमधल्या किरणाच्या धावेवर बेतलेली होती. सपाट पडदा तशी ओळीमागून ओळ लखलखत नाही, शिवाय चित्र उशिरा दाखवतो. इथे तुटलेला दुवा बोर्डात नाहीच.

मुस्तफाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. कॅपकॉमच्या त्या मूळ बोर्डावर आवाजाचा प्रोसेसर सांकेतिक आज्ञा वाचायचा आणि संकेताची किल्ली एका छोट्या बॅटरीच्या जिवावर टिकून असायची. बॅटरी संपली की किल्ली पुसली जायची आणि आवाज कायमचा जायचा. नकलाकारांचीही करणी अशी, की त्यांनी वेगळ्या आवाजचिपा लावून बनवलेले बोर्ड मॅममध्ये स्वतंत्र नावांनी नोंदवावे लागले. हा खेळ आज ऐकू येतो तो किल्ली उलगडणाऱ्या आणि चिपा उतरवून वाचणाऱ्या हौशी मंडळींमुळे. कॅपकॉमने 2018 मध्ये आपल्या जुन्या मारामारीच्या खेळांचा संच काढला, त्यात मुस्तफा नव्हताच. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या 2023 च्या पाहणीनुसार अमेरिकेत 2010 पूर्वी निघालेल्या खेळांपैकी 87 टक्के तेव्हा रीतसर विकत मिळत नव्हते. जुन्या खेळांवरचं खरं संकट हे आहे, आणि कुठल्याही चिपच्या माहितीपत्रकात त्यावर उतारा सापडत नाही.

बरं, टीव्ही गेम आणि मुस्तफा सोडा, नवा बोर्ड प्लेस्टेशन 2 साठी घेतो, असं कोणी म्हणेल. तिथे ताकद लागते हे कबूल. पण पीसीएसएक्स2 हा त्याचा प्रमुख इम्युलेटर एक्स86 प्रोसेसरसाठी लिहिलेला आहे, हे बोर्ड एआरएमचे. एआरएमसाठी बनलेला एथरएसएक्स2 त्याच्या कर्त्याने त्रासाला कंटाळून 2023 च्या सुरुवातीला थांबवला. आरके3588 चे बोर्ड 2022 पासून विक्रीला होते. त्यातल्या ग्राफिक्स चिपचा खुला ड्रायव्हर लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आला 2024 मध्ये. पाय 5 आला तेव्हा रेट्रोपाय या इम्युलेटर-संचाची कार्डावर उतरवायची तयार इमेज 2022 ची होती आणि ती पाय 4 पर्यंतच्या बोर्डांसाठी होती. नव्या बोर्डावर सगळं हाताने बसवावं लागलं. हार्डवेअर वचन देतं आणि ते पाळायचं ओझं बिनपगारी सॉफ्टवेअरवाल्यांवर पडतं. जाहिरातीत त्यांचं नावही नसतं.

यापुढचा मुद्दा कुठल्याही परदेशी परीक्षणात सापडणार नाही, कारण तिथे मे महिन्यातलं सोलापूर नसतं. पाय 5 ची चिप 80 अंशांना पोचली की आपला वेग आवरू लागते, 85 ला चांगलीच लगाम खेचते. चिप खोलीच्या हवेपेक्षा किती अंश वर जाईल हे तिच्यावरच्या कामावर आणि पंख्यावर ठरतं. खोलीचं तापमान त्यात सरळ मिळवायचं. 25 अंशांच्या खोलीत जी चिप 65 वर थांबते, ती 42 अंशांच्या खोलीत 82 च्या आसपास जाणार. म्हणजे ज्या वेगासाठी जादा पैसे मोजले, तो ऐन सुट्टीत, दुपारी, पत्र्याच्या घरात मिळायचा नाही. पंखा हवाच. वर पाय 5 ला 5 अँपिअरचा खास चार्जर लागतो. साधा 3 अँपिअरचा लावला तर यूएसबीला मिळणारी वीज तो आखडती घेतो. शिवाय वीज अचानक गेली की मेमरी कार्ड बिघडण्याचा धोका सगळ्याच बोर्डांना असतो. कमी तापणारा, कमी वीज खाणारा जुना बोर्ड या हवेत सरस ठरतो, हे मी पूर्ण गांभीर्याने म्हणतो.

जादा ताकदीचा एक उपयोग मात्र मी मोकळेपणाने मान्य करतो. अनेक इम्युलेटर एका छताखाली चालवणाऱ्या रेट्रोआर्चमध्ये 2018 पासून ‘रन-अहेड’ नावाची सोय आहे. बटण दाबल्यावर मूळ खेळच एखाद-दोन चित्रं उशिरा प्रतिसाद द्यायचा. इम्युलेटर ती चित्रं आधीच गुपचूप चालवून पाहतो आणि तो उशीर खाऊन टाकतो. एकच चित्र अनेकदा काढायचं म्हणजे ताकद लागणारच. पिक्चर ट्यूबचा दाणेदारपणा आणणारे शेडरही चांगलं ग्राफिक्स मागतात. पण उशिराचा मोठा हिस्सा टीव्हीत असतो. चित्र ‘सुंदर’ करण्याच्या नादात काही टीव्ही शंभर-शंभर मिलिसेकंद दडवून ठेवतात, म्हणजे पाच-सहा चित्रं. रिमोटवर गेम मोड लावला की त्यातला बहुतेक उशीर जातो. हे न करता नवा बोर्ड विकत घेणं मला तरी उधळपट्टी वाटते.

तेव्हा घरात पाय 3 किंवा पाय 4 असेल तर तो विकू नका. नवा संच पंखा, चार्जर, कार्ड, कंट्रोलर धरून दहा हजारांच्या पुढे जातो. त्यातल्या थोड्या पैशांत बरा वायरचा कंट्रोलर घ्या. ज्यांना सुपर निन्टेंडो काटेकोर हवा आहे किंवा ज्यांचं लहानपण पुढच्या पिढीच्या यंत्रांवर गेलं, त्यांनी नवा बोर्ड खुशाल घ्यावा, पण आधी त्यावर आपला इम्युलेटर आज चालतो का हे पाहून.

आणि एक विनंती. जुन्या टीव्ही गेमची कार्ट्रिजं घरात कुठे असतील तर ती भंगारवाल्याला देऊ नका. ‘9999 इन 1’ छापाच्या त्या डब्यांत खेळ किती, कोणते, कसे बदललेले आणि आतली जोडणी कशी, याची पुरेशी नोंद झालेली नाही. त्यांतले बहुतेक खेळ मुळात परवान्याविना छापलेले असल्याने त्यांच्या प्रती वाटण्याच्या भानगडीत पडू नका. स्क्रू काढा, आतल्या सर्किटचे दोन्ही बाजूंनी स्पष्ट फोटो घ्या, वरच्या लेबलचा एक घ्या, आणि ते कोणत्या साली, कोणत्या गावात घेतलं हे आठवत असेल तर घरच्यांना विचारून लिहून ठेवा.