एका एकराची आखणी



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत ह्या खेपेस इतिहासावर कोणीतरी लिहावे असे बैठकीत ठरले आणि ते काम माझ्या पदरात पडले. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. राजेरजवाड्यांचा इतिहास लिहिणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. परंतु मनात आले, की जसा राज्याला इतिहास असतो तसा शेताच्या बांधालाही असतो. विहीर कुठे खणावी, माळवे कुठे लावावे, झाड कोणत्या धुऱ्यावर असावे, हे कोणीतरी कधीतरी विचार करूनच ठरवलेले असते. आणि त्या विचारात बायकांचा वाटा किती होता, हे सहसा कोणी लिहीत नाही. म्हणून हा विषय घेतला. चूकभूल पोटात घालावी.

आपल्या चारठाण्याला आखणीची शिकवण नवी नाही. गोकुळेश्वराचे मंदिर आपण रोज पाहतो, गावातली बारवही पाहतो. यादवांच्या काळातल्या त्या लोकांनी पाणी कुठून येणार आणि कुठे साठणार हे आधी पाहिले, आणि मगच दगडावर दगड ठेवला. शेताचेही तसेच आहे. आधी पाणी, मग माती, मग पीक.

आमच्या सासूबाई, ज्यांना आम्ही घरात आत्याबाई म्हणतो, त्या जुन्या मळ्याचे वर्णन फार छान करतात. विहिरीवर मोट, मोटेच्या बैलांची उताराची धाव, थारोळ्यात पडणारे पाणी, आणि तिथून निघालेला पाट. पाटाच्या दोन्ही अंगांना मिरची, वांगी, लसूण, कोथिंबीर. पाट वाहताना झिरपणारे पाणीसुद्धा वाया जाऊ द्यायचे नाही, हा हिशेब. कोरडवाहू रानात ज्वारी, तीत तुरीच्या ओळी, मधून मूग, उडीद आणि तीळ, कडेला अंबाडी. रब्बीच्या ज्वारीभोवती करडई लावायची, म्हणजे तिच्या काट्यांमुळे गुरे आत शिरत नाहीत. एकाच रानातून भाकरी, डाळ, तेल, गुरांना कडबा आणि दोराला अंबाडी मिळे. बी राखून ठेवण्याचे काम बायकांचे. राखेत घोळून मडक्यात भरून ठेवलेले ते बी म्हणजे पुढच्या सालाची आखणीच होती. फक्त ती कागदावर नव्हती.

पुढे सोयाबीन आले आणि बांधापासून बांधापर्यंत एकच पीक दिसू लागले. रोख पैसा आला हे खरे. परंतु घरची डाळ गेली, कडबा गेला, मडक्यातले बी गेले, आणि माळव्याची पिशवी घेऊन आपण बाजाराला जाऊ लागलो.

लहान शेतकऱ्याच्या जमिनीची नीट बांधणी कशी करावी ह्याचा विचार आपल्या महाराष्ट्रात पुष्कळ आधी झालेला आहे. महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात त्यांनी सरकारला सुचवले होते, की पलटणीतले शिपाई आणि जास्तीचे पोलीस ह्यांच्याकडून जागोजाग ताली व बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी आधी शेतात मुरेल आणि मग नदीला जाऊन मिळेल. आज ज्याला आपण पाणलोटाचे काम म्हणतो ते हेच.

मग १९७२ सालचा दुष्काळ आला. आत्याबाई तेव्हा नव्या नवरीच होत्या. दुष्काळी कामावर त्यांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली. त्याच दुष्काळात पुण्याचे इंजिनियर विलासराव साळुंखे ह्यांना वाटले, की नुसती खडी फोडून दुष्काळ हटणार नाही. त्यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावला देवस्थानची सुमारे ४० एकर माळरान जमीन कसायला घेतली. उतारावर आडवे बांध घातले, खाली पाणी अडवले, विहीर घेतली, झाडे लावली. १९७४ साली ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन केले आणि त्यातून ‘पाणी पंचायत’ उभी राहिली. तिचे नियम ऐकण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या मापाने द्यायचे नाही, माणसांच्या मापाने द्यायचे: माणशी अर्धा एकर, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क. आणि ऊस लावायचा नाही. घरात खाणारी तोंडे किती, हे आधी मोजून मग शेत आखायचे. घर चालवणाऱ्या बाईला हा हिशेब शिकवावा लागत नाही. ती रोज पीठ मळताना तोच करते.

दुसरे नाव कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर ह्यांचे. ते गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. तासगाव भागातील द्राक्ष बागायतदार एकमेकांना आपले प्रयोग सांगून शिकले, त्यामागे त्यांचीच प्रेरणा होती. त्यांचे म्हणणे असे, की पाच माणसांच्या कुटुंबाला नीट आखलेले दहा गुंठेसुद्धा पुरू शकतात. पीक म्हणजे काय, तर पानांनी गोळा केलेले ऊन. म्हणून ऊन उघड्या मातीवर फुकट पडू द्यायचे नाही आणि शेतातला पालापाचोळा जाळायचा नाही, तो मातीलाच परत द्यायचा. दहा गुंठे म्हणजे फक्त पाव एकर. मला काही हे गणित पुरते साधलेले नाही, परंतु पालापाचोळा जाळणे मात्र त्या दिवसापासून बंद केले.

आता खास आपल्या बायकांची गोष्ट सांगते. १९८६ साली नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. त्यानंतर काही वर्षांतच शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम दिला. ज्या गावातले शंभर शेतकरी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून देतील, ते गाव लक्ष्मीमुक्तीचे, आणि त्या गावाला ते स्वतः येणार. शंभर घरांनी मिळून केल्यामुळे एकट्या पुरुषाला ‘बायकोच्या धाकातला’ म्हणून हसायची सोय उरली नाही. नवऱ्याच्या सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावता यावे म्हणून सरकारनेही १९९२ साली परिपत्रक काढले.

१९९१ साली शेगावला संघटनेने ‘चतुरंग शेती’ सांगितली: सीताशेती, माजघर शेती, व्यापार शेती आणि निर्यात शेती. ह्यातली सीताशेती ही बायकांची. थोड्या जमिनीवर, विकतचे फारसे काही न आणता, बाईने आपल्या विचाराने प्रयोग करायचे. सीता ह्या शब्दाचा अर्थच नांगराचे तास. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शेतीवरच्या अधिकाऱ्याला ‘सीताध्यक्ष’ म्हटले आहे. म्हणजे आपण जिला रामाची सीता म्हणून ओवाळतो, ती आधी जमिनीची आहे.

अगदी अलीकडची गोष्ट आपल्या शेजारच्या लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तिथल्या बायका घरे पुन्हा उभारण्याच्या कामात पुढे आल्या. त्या कामातून प्रेमा गोपालन ह्यांची ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ ही संस्था वाढली. पुढे दुष्काळाची साले आली, तेव्हा ह्या बायकांनी घरात मागणी केली, की आम्हाला अर्धा किंवा एक एकर द्या, त्यात काय पेरायचे ते आम्ही ठरवू. तिथे त्यांनी नगदी पिकाऐवजी ज्वारी, कडधान्ये, भाजीपाला असे पुष्कळ प्रकार एकत्र घेतले. आधी घरच्या पोटाला, उरेल ते बाजाराला. जोडीला कोंबड्या, शेळ्या, गांडूळखत आणि घरचे बी. ह्या कामाला २०१६ साली संयुक्त राष्ट्रसंघाकडून ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले.

हे सारे वाचून आणि मंडळात ऐकून मीही घरात एक एकर मागितला. हे म्हणाले, “सोयाबीनचे पैसे बुडतील, ते कोण भरणार?” प्रश्न खोटा नव्हता. शेवटी आत्याबाई मध्ये पडल्या, आणि विहिरीजवळचा तुकडा मला ‘करून बघ’ म्हणून मिळाला.

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. दीड फुटाचा एक हात धरला तर बरोबर २२ हात. मी २२ हातांचा दोर घेतला आणि शेत मोजले. रुंदी चार दोर, लांबी जवळजवळ दहा दोर. म्हणजे चाळीस घरे, चाळीस गुंठे. वहीच्या पानावर तितकी घरे पाडली आणि भरत बसले, जशी रांगोळी भरावी तशी.

पहिल्या वर्षी चूक झाली. शेताचा उतार पश्चिमेकडून पूर्वेकडे. खालच्या टोकाची माती काळीभोर आणि खोल, म्हणून माळव्याचे वाफे मी तिथे घातले. भाद्रपदात झड लागली, तेव्हा तीन दिवस तिथे पाणी साचून राहिले. मिरची आणि वांगी मुळातून सडली. शिवाय ते टोक विहिरीपासून लांब. रोज जाणे होईना आणि काकड्या माझ्या आधी डुकरांच्या दृष्टीस पडल्या. घरात कोणी काही बोलले नाही, परंतु ताटात बाजारची भाजी वाढताना माझी मान खाली गेली.

दुसऱ्या वर्षी पेरण्याआधी मी पहिल्या पावसात डोक्यावर पोते घेऊन शेतात उभी राहिले आणि पाणी कुठून कुठे जाते ते पाहून खुंट्या ठोकल्या. मग आखणी बदलली, ती अशी:

विहिरीजवळ, वरच्या अंगाला माळव्याचे ६ गुंठे. ज्याला रोज हात लागतो ते सर्वांत जवळ.

त्याच्या कडेला उकिरडा, शेळ्यांचा आडोसा आणि जाण्यायेण्याची वाट मिळून २ गुंठे. उकिरड्याचा निचरा खाली वाफ्यांकडे जावा, विहिरीकडे जाऊ नये.

मधले २० गुंठे ज्वारी आणि तूर. पेरणी उताराला आडवी, म्हणजे प्रत्येक तास पाण्याला थोडे थांबवते.

त्याखाली ५ गुंठ्यांत पावसाळ्यात मूग आणि उडीद, नंतर हरभरा.

सर्वांत खाली, जिथे पाणी साचते तिथे एक चर काढून ४ गुंठे हत्तीगवत.

उरलेले ३ गुंठे उत्तरेच्या धुऱ्यालगत झाडांना: शेवगा, हादगा, लिंबू, कढीपत्ता. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कलतो, त्यामुळे उत्तरेकडच्या झाडांची सावली पिकावर पडत नाही, पलीकडच्या गाडीवाटेवर पडते. दक्षिणेला लावली असती तर माझाच हरभरा सावलीत गेला असता.

त्याच साली काढणीच्या तोंडावर पाऊस झाला आणि आमच्या बाकीच्या रानातल्या सोयाबीनच्या सुड्या भिजून शेंगांना कोंब आले. माझा मूगही त्यात गेला. एका एकराने संकट टळते असे मी म्हणणार नाही. परंतु रब्बीची ज्वारी आली, तूर आली, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत माळव्यासाठी बाजारात पैसे द्यावे लागले नाहीत. ह्यांनी त्यानंतर पैशांचा प्रश्न विचारला नाही. उलट एके दिवशी स्वतःच म्हणाले, “पुढच्या खेपेला लसूण वाढवू का?”

आता शेवटची गोष्ट, आणि तिच्याचसाठी हा लेख लिहिला. आपण ‘सातबारा’ म्हणतो तो म्हणजे गावनमुना सात आणि गावनमुना बारा. सातमध्ये जमीन कोणाची ते लिहिलेले असते, बारामध्ये त्या जमिनीत कोणती पिके आहेत ते. मी आमचा उतारा काढून वाचला. बारामधली पुष्कळशी मेहनत माझी होती. सातमध्ये मी कुठेच नव्हते.

२००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क मिळाला, ही मोठी गोष्ट झाली. आपल्या महाराष्ट्राने ते पाऊल १९९४ सालीच टाकले होते. परंतु नवरा हयात असताना बायकोचे नाव आपोआप लागत नाही. माझ्या माहेरच्या नात्यातल्या एका बाईंचे मालक अचानक गेले. वीस वर्षे त्यांनी ते रान राबवले होते. वारसाची नोंद घरच्या तंट्यात अडकली आणि त्यांना दोन हंगाम पीककर्ज मिळाले नाही. त्या मला म्हणाल्या, “मला त्या रानातला खडान् खडा ठाऊक आहे, पण कागदाला मी ठाऊक नाही.”

मी घरात विषय काढला. हे गप्प राहिले. जाऊबाई म्हणाल्या, “नावाशिवाय काय अडले आहे?” आत्याबाई मात्र बराच वेळ विचार करून म्हणाल्या, “अडल्यावर कळतं, पण तवा उशीर झालेला असतो.” अजून अर्ज दिलेला नाही. बोलणे चालू आहे. जे झाले नाही ते झाले म्हणून सांगणे मला पटत नाही.

तरी मंडळापुढे माझी एक सूचना आहे. ह्या वर्षी एका बैठकीला प्रत्येकीने आपापल्या घरचा सातबारा घेऊन यावे आणि तो सर्वांनी मिळून मोठ्याने वाचावा. ज्यांना जमीन नाही त्यांनी घराचा उतारा आणावा. लक्ष्मीमुक्तीच्या वेळी शंभर घरे एकत्र आली म्हणून कोणाला संकोच वाटला नाही. आपण शंभर नसू, परंतु एकटीपेक्षा पुष्कळ आहोत.

माझ्या शेवग्याला ह्या वर्षी भरपूर शेंगा आहेत. बैठकीला येताना घेऊन येईन. २२ हातांचा दोरही आणीन. ज्यांना आपले शेत मोजायचे असेल त्यांनी खुशाल न्यावा, फक्त आठवणीने परत करावा.

मंडळाचा उत्तरोत्तर उत्कर्ष होवो, ही गोकुळेश्वराचरणी प्रार्थना.