प्लेटोची शाळा

गुरु समोर नसतां शिष्याचें लक्ष कसें बांधून ठेवावें, हा प्रश्न २०२० च्या मार्चमध्यें शाळा बंद झाल्या तेव्हां आपल्या घराघरांत येऊन बसला. पडद्यावर गुरुजी बोलत, आणि पलीकडे मूल आपलें नांव तेवढें हजर ठेवून दुसऱ्याच उद्योगास लागे. हें संकट अगदीं नवें, असें पुष्कळांस वाटलें. वास्तविक त्यावरील उपायांचा इतिहास तेव्हांच साठ वर्षांचा झाला होता.

अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत १९६० सालीं डोनाल्ड बिट्झर या तरुण इंजिनिअरानें 'प्लेटो' नांवाची व्यवस्था उभी केली. 'इलियाक' या अवाढव्य गणकयंत्रास एक पडदा व थोड्या कळा जोडलेल्या. विद्यार्थी प्रथम एकच. त्या तत्त्ववेत्त्याचें नांव यंत्रास शोभतें कीं नाहीं याविषयीं मतभेद होईल. पण त्याच्या गुरूची, सॉक्रेटिसाची, विचारीत शिकविण्याची रीत मात्र यंत्रानें उचलली होती. पडद्यावर पाठाचें पान येई, मागोमाग प्रश्न येई, आणि बरोबर उत्तर दिल्याशिवाय पुढें जातां येत नसे. अडलेल्यानें मदतीची कळ दाबावी, म्हणजे यंत्र त्यास बाजूच्या सोप्या वाटेनें नेई व पुनः मूळ प्रश्नापाशीं आणून सोडी. १९७२ त प्लेटोचा चौथा अवतार आला. त्याचा नारिंगी पडदा बोटाचा स्पर्श ओळखी, आणि त्यावर फळमाश्यांचे संकर घडवून आनुवंशिकतेचे नियम पडताळून पाहतां येत.

पण प्लेटोनें शिकविलेली सर्वांत मोठी गोष्ट पाठांबाहेरची होती. १९७३ सालीं डेव्हिड वूली या सतरा वर्षांच्या मुलानें, यंत्रांतील दोष कळविण्यासाठीं म्हणून, एक टिपणवही रचली. कोणींहि लिहावें, इतरांनीं त्याखालीं उत्तर द्यावें. पाहतां पाहतां तिचा चव्हाटा झाला. एकएकट्यानें शिकण्यासाठीं मांडलेल्या यंत्रापुढें मंडळी जमली! मुलांना उत्तर हवें असतें, आणि तें दुसऱ्या माणसाकडून आलें तर अधिकच गोड लागतें, हें तेथें उघड झालें.

आंतरजालाच्या काळांत हाच धागा 'फेट'नें पुढें नेला. नोबेल पारितोषिकाचे मानकरी कार्ल वीमन यांनीं २००२ सालीं कोलोरॅडो विद्यापीठांत हा उपक्रम आरंभिला. त्यांतील एका खेळांत विद्यार्थी घट, तारा आणि दिवे जोडून मंडल बनवितो; तारेंतून इलेक्ट्रॉन धांवतांना दिसतात. २००५ त प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत आढळलें कीं, या आभासी साहित्यावर शिकलेले विद्यार्थी, खऱ्या तारांवर शिकलेल्यांपेक्षां खरें मंडल अधिक चांगलें जोडीत व समजावून सांगत. मात्र खेळ हातीं देऊन गुरुजींनीं बाजूस होऊं नये. दुसरा दिवा त्याच ओळींत जोडल्यास पहिल्याचें काय होईल, तें मुलांनीं आधीं लिहून द्यावें आणि मग जोडून पाहावें; आपलें भाकीत पणास लागलें म्हणजे मूल पडद्यावरून दृष्टि काढीत नाहीं.

यांतील कित्येक खेळ मराठींतहि आहेत. परंतु २०२० सालीं ज्या घरीं एकाच फोनवर तीन भावंडांचे वर्ग भरत, तेथें कुशलांतील कुशल योजनाहि लंगडी पडली. फेटचे पुष्कळसे खेळ एकदां उतरवून घेतले कीं पुढें आंतरजालाची गरज राहत नाहीं. आमच्या मतें त्यांच्या सुबक चित्रांहून ही सोय अधिक मोलाची आहे.