तिऱ्हाइताची जोखीम

मालाची ने-आण आणि जोखीम यांची जोडी फार जुनी आहे. वाट म्हटली कीं चोरी आली, पाऊस आला, मोडलेलें चाक आलें. आणि नुकसान झालें कीं तें कोणीं सोसावयाचें, हा प्रश्नहि आलाच. आपल्या व्यापाऱ्यांनीं त्याचीं उत्तरें आपल्या परीनें शोधलीं होतीं. हुंडेकरी एक ठराविक रक्कम घेऊन माल पोंचविण्याचें व वाटेवरील जकात भरण्याचें ओझें अंगावर घेई. जोखमी हुंडीचे पैसे माल सुखरूप पोंचला तरच द्यावे लागत. विम्याची कल्पनाहि मोगल काळापासून येथें परिचित होती. परंतु हा सारा विचार मालाचा होता. गाडीखालीं सांपडणाऱ्या वाटसरूचा त्यांत कोठेंच समावेश नव्हता. मालमोटारींच्या विम्याचा इतिहास आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो याच कारणानें. कायद्याची दृष्टि मालावरून माणसाकडे वळण्यास किती काळ लागला, हें त्यावरून कळतें.

आपला कायदा इंग्रजी कायद्याच्या पायावर उभा असल्यामुळें तिकडील दोन खटले शेजारीं ठेवून पाहावे. पहिला 1785 सालचा. वेहिल येथें वाहतूकदाराच्या ताब्यांत असलेलीं हॉप्सचीं पोतीं दुसरीकडे लागलेल्या आगींत जळालीं. वाहतूकदाराची हयगय मुळींच नव्हती. तरीहि न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनीं त्यासच जबाबदार धरलें. दैवी आपत्ति किंवा राजशत्रु यांवांचून अन्य कोणत्याहि सबबीवर वाहतूकदार सुटूं शकत नाहीं, तो जणूं मालाचा विमा उतरणाराच होय, असा तो सिद्धांत होता. चोरांशीं त्याचें संगनमत होऊं नये, हें या कठोरपणाचें कारण.

दुसरा खटला 1808 सालचा. टपावर पतिपत्नी बसलेली एक प्रवासी घोडागाडी उलटली. पत्नी सुमारें महिन्याभरानें वारली. लॉर्ड एलनबरो यांनीं सांगितलें कीं, दिवाणी न्यायालयांत मनुष्याच्या मृत्यूबद्दल नुकसानीची मागणी करतां येत नाहीं. पतीस स्वतःच्या दुखापतीबद्दल आणि पत्नी जिवंत असेपर्यंतच्या वियोगाबद्दल कायती भरपाई मिळाली. पोतें जळालें तर किंमत, माणूस गेलें तर कांहीं नाहीं ! हा अन्याय इंग्लंडांत 1846 च्या आणि हिंदुस्थानांत 1855 च्या कायद्यानें दूर झाला. मृताच्या निकटच्या आप्तांस दावा करण्याचा हक्क मिळाला.

त्यानंतर दहा वर्षांनीं, 1865 सालीं, येथें वाहतूकदारांचा कायदा झाला. सोनें, मोत्यें, शाली असा शंभर रुपयांहून अधिक किंमतीचा मौल्यवान् माल देतांना धन्यानें तसें सांगितलें पाहिजे. पण माल गहाळ झाल्यास वाहतूकदाराची हयगय सिद्ध करण्याचा भार धन्यावर नाहीं, अशी त्यांत व्यवस्था होती. मृताच्या विधवेस मात्र हांकणाऱ्याची चूक सिद्ध करावी लागे, आणि ती सिद्ध झाली तरी हांकणारा दरिद्री निघाल्यास हुकूमनामा पेटींत ठेवण्यापुरताच उरे.

मोटार आल्यावर ही उणीव असह्य झाली. बैलगाडीच्या धक्क्यानें क्वचित् जाणारा प्राण मोटारीच्या धक्क्यानें वारंवार जाऊं लागला. इंग्लंडनें 1930 सालीं तिऱ्हाइताच्या जोखमीचा विमा सक्तीचा केला. आपल्याकडे 1939 च्या मोटार कायद्यांत तशी तरतूद झाली. पण ती अंमलांत येण्यास 1946 चा 1 जुलै उजाडला. तिऱ्हाईत हा शब्द येथें फार अर्थपूर्ण आहे. करार गाडीवाला आणि विमा कंपनी यांचा; लाभ मात्र त्या दोघांनींहि कधीं न पाहिलेल्या माणसाचा.

पुढील पावलें त्याच दिशेनें पडलीं. 1956 च्या दुरुस्तीनें अशा दाव्यांसाठीं स्वतंत्र न्यायाधिकरणांची सोय झाली. 1982 सालीं, चूक कोणाची हें ठरण्यापूर्वींच मृत्यूबद्दल पंधरा हजार रुपये देण्याचें तत्त्व मान्य झालें. जें संरक्षण हॉप्सच्या पोत्यांस 1785 सालीं लाभलें, त्याचा हा लहानसा अंश माणसास जवळजवळ दोनशें वर्षांनीं मिळाला. 2004 सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्वर्णसिंगच्या खटल्यांत आणखी एक मुद्दा स्पष्ट केला. हांकणाऱ्याचा परवाना सदोष असला, तरी तेवढ्यावरून कंपनीस तिऱ्हाइताला हात हालवीत परत पाठवितां येत नाहीं; मालकाचा दोष असल्यास आधीं तिऱ्हाइताचे पैसे द्यावे आणि मग ते मालकाकडून वसूल करावे. मालाच्या बाबतींतला 1865 चा कायदा जाऊन त्याच्या जागीं 2007 चा कायदा आला आणि वाहतूकदारांस नोंदणी आवश्यक झाली.

मालमोटारवाल्यांची तक्रार आम्ही क्षुल्लक मानीत नाहीं. एकच गाडी, तीहि कर्जाची, अशा मालकास विम्याचा हप्ता, परवाना, तपासणीचा दाखला हीं सारीं ओझींच वाटणार. परंतु विमा नसता तर तेंच ओझें कोणावर पडलें असतें, याचाहि विचार झाला पाहिजे. जोखीम कायद्यानें नाहींशी होत नाहीं. तिची वांटणी मात्र बदलतां येते. हजारों मालकांनीं थोडी थोडी उचललेली जोखीम पेलवते. एका पोरक्या कुटुंबावर पडली तर तें कुटुंब बुडतें.

शिवाय विमा हा नेहमीं मागाहून येणारा उपाय आहे. त्याच्याआधीं नियम हवा. 1961 च्या कायद्यानें मोटार-कामगारांचे कामाचे तास दिवसाला आठ व आठवड्याला अठ्ठेचाळीस ठरविले, तेंहि तिऱ्हाइताचेंच संरक्षण होतें. कारण पेंगणाऱ्या माणसाच्या हातचें चाक पोलिसांना दाखविण्याच्या कागदानें सरळ राहत नाहीं. हप्ता भरला कीं कर्तव्य संपलें, अशी समजूत आपल्याकडे फार रूढ आहे. तो कागद म्हणजे रस्त्याच्या कडेनें चालणाऱ्या अनोळखी माणसास दिलेलें वचन आहे, आणि तें वचन पाळण्याचा पहिला प्रकार म्हणजे त्यास धक्का न लागूं देणें, हें ज्या दिवशीं मालक, हांकणारा आणि माल लवकर हवा म्हणून घाई करणारा व्यापारी हे तिघेहि मनापासून मानतील, त्या दिवशीं दोन शतकांच्या या कायद्याचा हेतु सफळ झाला असें आम्ही म्हणूं.