वळू कोणाचा?

नांगराशी कधी संबंध न आलेली माणसे आज बैल पाळू पाहतात. मोकाट खोंड दारात येतो, एकदा वैरण घातली की रोज येऊ लागतो, आणि घरात कुणाला तरी वाटते की हा आपणच सांभाळावा. शेती न करणाऱ्याने बैल पाळणे ही शहरी लहर, अशी त्यावर गावाकडची प्रतिक्रिया असते. इतिहास या प्रतिक्रियेला दुजोरा देत नाही. महाराष्ट्रात बैलाची नस ओळखणाऱ्यांत भूमिहीन भटकी माणसे होती, आणि न बडवलेला नर, म्हणजे वळू, सामान्य शेतकऱ्याच्या दावणीला क्वचितच बांधलेला असे. तेव्हा शेतीविना बैल सांभाळणे जुनेच आहे. एकट्या घराने, स्वतःच्या हौसेखातर आणि स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळणे मात्र नवे आहे, आणि आजच्या बहुतेक अडचणी तिथूनच निघतात.

शेतकऱ्याने पाळला तो बैल, आणि बैल म्हणजे खच्ची केलेला नर. खोंड वयात येऊ लागला की त्याला बडवत, वेसण घालत आणि मग जोडीला लावून औताला शिकवत. वळू राखणे एका घराला परवडण्यासारखे नव्हते. एक वळू पन्नासएक गाईंना पुरतो, तर घरात गाई दोन किंवा चार. चारशे किलोच्या जनावराला रोज आठ-दहा किलो सुका चारा आणि तीस-चाळीस लिटर पाणी लागते. ते औतकाम न करणाऱ्या जनावराला वर्षभर कोण पुरवणार? म्हणून वळू गावाचा असे. तो कुणाच्याही बांधावर चरे, आणि ते नुकसान सगळे मिळून सोसत. माणदेशात खिल्लार पैदास करणाऱ्यांनी जातिवंत वळू घरी राखले हे खरे. पण पैदास हाच त्यांचा धंदा होता, खरसुंडीसारख्या जत्रांत त्यांच्या खोंडांना गिऱ्हाईक होते. त्या अपवादामागेही व्यवहाराचे जाळे उभे होते.

गावाने हे नुकसान का सोसावे, याचे उत्तर धर्माने दिले होते. वळू सोडण्याचा वृषोत्सर्ग हा विधी पारस्कर गृह्यसूत्रात आहे. विष्णुस्मृतीत त्याच्या एका बाजूवर चक्र आणि दुसऱ्या बाजूवर त्रिशूळ डागायला सांगितले आहे. तो डाग पाहिला की ओळखायचे, हा कुणाच्या मालकीचा नाही, याला मारायचे नाही. मनुस्मृतीने अशा वृषांना आणि देवाच्या जनावरांना पीक खाल्ल्याच्या दंडातून वगळले. इंग्रजी न्यायालयांपुढे हा प्रश्न आला तेव्हा त्यांची चांगलीच पंचाईत झाली. असा वळू कुणी पळवला तर ती चोरी ठरते का? १८८० च्या दशकात अलाहाबाद हायकोर्टाने आणि १८९० मध्ये कलकत्ता हायकोर्टाने म्हटले की सोडून दिलेला वळू कुणाचीच मालमत्ता नाही, त्यामुळे चोरीचा गुन्हा होत नाही. मद्रास हायकोर्टाने मात्र देवळाला वाहिलेला वळू देवस्थानाचा मानला. मला या निकालांत एका व्यवस्थेच्या अंताची सुरुवात दिसते. जे सगळ्यांचे होते ते कायद्याच्या भाषेत कुणाचेच नाही असे ठरले, आणि कुणाचेच नसलेल्याची राखण कोण करणार?

त्याआधीच, १८७१ च्या कायद्याने पिकात शिरलेले जनावर कोंडवाड्यात घालण्याची रीत देशभर पक्की केली होती. गायराने आक्रसत गेली. लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेतीविषयक शाही आयोगाचा अहवाल १९२८ मध्ये आला. त्यानंतर वळूकडे पाहण्याची सरकारी नजर पैदाशीपुरती उरली. मुंबई इलाख्यात १९३३ मध्ये पशुसुधारणेचा कायदा झाला आणि नापसंत वळू खच्ची करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. १९३९ मध्ये म्हैसूरला कृत्रिम रेतनाचा प्रयोग झाला. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचनला स्थापन केलेल्या ‘बाएफ’ या संस्थेने ते तंत्र महाराष्ट्रात गोठ्यागोठ्यापर्यंत नेले. गाईंची जात सुधारली, दूध वाढले, शेतकऱ्याच्या हाती पैसा आला. हे मी कमी लेखत नाही. पण गावाला वळूची गरज उरली नाही. २००८ च्या ‘वळू’ या चित्रपटात त्याला पकडायला वनखात्याचा अधिकारी बोलवावा लागतो, ही कल्पना प्रेक्षकांना पटली, कारण तोवर आपल्याच वळूला हाताळण्याची गावाची रीत खरोखर मोडली होती.

वळूला गावाने सांभाळले, तसे दारोदार हिंडवल्या जाणाऱ्या नंदीबैलाला नंदीवाल्यांनी. तिरमल नंदीवाले आंध्राकडून आलेले. महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींत त्यांची नोंद आहे. नंदीकडून औताचे काम त्यांना नको होते. गुबगुबी या वाद्याच्या आवाजावर मान हलवणे, गर्दीत न बिथरणे, लहान मुलाचा हात अंगावर सहन करणे, हे त्याला शिकवायचे, आणि तेही खोंड असल्यापासून. जमीन नसताना बैलाला माणसात वागायला शिकवण्याची ही विद्या बापाकडून मुलाकडे जात होती. वैरण मात्र त्यांच्या मालकीची नव्हती: पाऊस पडेल का, असे नंदीला विचारणाऱ्या प्रत्येक दाराने सूपभर धान्य आणि कडब्याची पेंढी दिली, म्हणून नंदी जगला.

यावर कुणी म्हणेल की वेसणीला धरून उन्हातान्हात हिंडवणे ही पिळवणूक होती. आक्षेपात तथ्य आहे. वेसण दुखते, डांबरी रस्त्यावर खूर झिजतात, आणि भिकेच्या आधारावर जगणाऱ्या बिऱ्हाडातला बैल उपाशीही राहत असणार. पण ज्या जनावरावर चूल अवलंबून आहे त्याच्या तब्येतीची काळजी घेण्याला पोटाचेच कारण असते, ही दुसरी बाजूही खरी. २०११ मध्ये केंद्र सरकारने शिकवून खेळ दाखवण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश केला. बैलगाडा शर्यतवाल्यांनी लढून मार्ग काढला. राज्याने २०१७ मध्ये कायदा बदलला आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला. नंदीवाल्यांच्या मागे तेवढे बळ कधीच नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. नंदीवाला शेतीविना शिकला, तर जीव लावणारा शहरी माणूस का शिकणार नाही? शिकेल. तीन महिन्यांचे वासरू डोक्याने ढुशी देते तेव्हा ते लाडात घ्यायचे नाही, कारण तीच ढुशी तीन वर्षांनी बरगड्या मोडते. पशुवैद्याकडून ते वेळेवर खच्ची करून घ्यायचे. त्याला एकटे न ठेवता दुसऱ्या गुराची सोबत द्यायची. हे सगळे शिकता येते. शिकून मिळत नाहीत त्या गोष्टी वेगळ्या: चरायची जागा, बैल सुटला तर न चिडणारे शेजारी, आणि आपण आजारी पडलो तर कासरा हाती घेणारे दुसरे कुणी. बैल पंधरा-वीस वर्षे जगतो. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे हौस फिटली म्हणून विकून मोकळे होण्याचा जुना रस्ता जवळपास बंद आहे, आणि तो बंद झाल्याचे मला दुःख नाही. पण मग दारात येणाऱ्या त्या खोंडाला चारा घालणाऱ्याने शेजारची चार घरे, थोडी पडीक जमीन आणि जनावरांचा डॉक्टर आधी जोडावा, दावे त्यानंतर बांधावे. असे दहा जणांनी मिळून एक बैल सांभाळला, तर त्याला गावच्या वळूचा खरा वारसा म्हणायला माझी हरकत नाही.