मधुमेह, पहिला प्रकार : आनुवंशिक प्रवणता व मानवसमूह

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची प्रतिरक्षा यंत्रणा अग्निपिंडातील इन्शुलीन निर्माण करणाऱ्या बीटा कोशिकांचा नाश करते. हा रोग बहुधा बालपणी वा तरुणपणी उद्‌भवतो व रुग्णाचे जीवन बाहेरून दिलेल्या इन्शुलिनावर अवलंबून राहते. या रोगाकडे असणारा उपजत कल म्हणजे आनुवंशिक प्रवणता होय. ती सर्व मानवसमूहांत सारखी नसते.

ऐतिहासिक आढावा : सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे सहज (जन्मजात) व अपथ्यनिमित्तज असे दोन प्रकार वर्णिलेले असून पहिल्यातील रुग्ण कृश व दुसऱ्यातील स्थूल असतो, असे म्हटले आहे. आजच्या वर्गीकरणाशी त्यांची पूर्ण जुळणी करता येत नाही. परंतु भेद प्राचीनांच्या लक्षात आला होता, हे उघड आहे. टोराँटो येथे १९२१ मध्ये इन्शुलिनाचा शोध लागला. १९३६ मध्ये हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी इन्शुलिनास संवेदनशील व असंवेदनशील असे रुग्णांचे दोन वर्ग दाखविले. १९७४ मध्ये कोपनहेगन येथे यॉर्न नेरुप व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाचा संबंध सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए जनुकांशी जोडला. ही जनुके स्वकीय व परकीय द्रव्यांतील भेद ओळखण्याच्या कामी येतात. त्याच वर्षी लंडन येथे बोटात्सो यांना रुग्णांच्या रक्तात द्वीपक कोशिकांविरुद्धचे प्रतिपिंड आढळले.

समूहासमूहांतील भेद : यूरोपीय रुग्णांत डीआर-३ व डीआर-४ हे एचएलए प्रकार ठळकपणे आढळतात. डीक्यू बीटा शृंखलेत ५७ व्या स्थानी ॲस्पार्टिक अम्ल असल्यास संरक्षण मिळते, असे १९८७ मध्ये दाखविण्यात आले. तथापि जपानी रुग्णांत हा नियम टिकला नाही. तेथे डीआर-३ अत्यंत विरळ असून रोगाशी निगडित असलेल्या प्रमुख प्रकारांत ते अम्ल असतेच. भारतीय रुग्णांत डीआर-४ पेक्षा डीआर-३ चे प्राबल्य आहे. दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधनानुसार डीआर-३ सोबत येणारे भारतीय जनुकसमूहही यूरोपीयांहून काहीसे निराळे आहेत.

केवळ जनुकांनी सर्व उलगडा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९०–९४ मधील पाहणीत १४ वर्षांपर्यंतच्या मुलांत वार्षिक प्रमाण दर लाखास सार्डिनियात ३६·८ व फिनलंडमध्ये ३६·५, तर चीनच्या काही भागांत व व्हेनेझुएलात अवघे ०·१ आढळले. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई कुटुंबांच्या मुलांत हे प्रमाण १९७८–८१ मध्ये ३·१ होते. १९८८–९० मध्ये ते ११·७ झाले. दहा-बारा वर्षांत एखाद्या समाजाची जनुके बदलत नाहीत. अर्थात परिस्थितीचाही वाटा मोठा आहे.

पुणे येथील अभ्यास : भारतात दुसऱ्या प्रकारचा मधुमेहही कमी वयात व सडपातळ व्यक्तींस होतो. त्यामुळे तरुण, कृश रुग्णाचे निदान चुकण्याचा संभव असतो. पहिल्या प्रकारच्या रुग्णास इन्शुलीन न मिळाल्यास रक्तात कीटोन द्रव्ये साचून मृत्यू ओढवू शकतो. उलट दुसऱ्या प्रकारच्या रुग्णावर जन्मभर इंजेक्शनांचा भार विनाकारण पडतो. या प्रश्नासाठी पुण्याचे के. ई. एम. रुग्णालय, हैदराबादची कोशिकीय व रेणवीय जीवविज्ञान संस्था व इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठ येथील संशोधकांनी यूरोपीयांवरून तयार झालेला नऊ जनुकस्थानांचा जोखीम-गुणांक पुण्यातील रुग्णांवर पडताळला. १९५० नंतरच्या भारतीय मधुमेह संशोधनातील एक अग्रणी चित्तरंजन याज्ञिक यांचा त्यात सहभाग होता. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पहिल्या प्रकारचे २६२ व दुसऱ्या प्रकारचे ३४५ रुग्ण आणि ३२४ निरोगी व्यक्ती होत्या. दोन्ही प्रकार वेगळे ओळखण्याची गुणांकाची क्षमता (पूर्ण अचूकता १ मानल्यास) भारतीयांत ०·८४ व यूरोपीयांत ०·८७ भरली. म्हणजे परका मापदंड येथे उपयोगी पडला, पण किंचित उणा.

मर्यादा व महत्त्व : पुण्याचे निष्कर्ष महाराष्ट्राच्या सर्व भागांस जसेच्या तसे लावता येणार नाहीत. धाराशिव (२०२३ पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्हा पूर्वी हैदराबाद संस्थानात होता व तो कर्नाटकास लागून आहे. अशा सीमाभागातील मिश्र लोकसमूहांत गुणांकाची पडताळणी स्वतंत्रपणे होणे इष्ट ठरते. कुपोषणाशी निगडित मधुमेहामुळेही निदान अवघड होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये तो वेगळा वर्ग मानला, १९९९ मध्ये वगळला. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्यास ‘पाचवा प्रकार’ म्हणून मान्यता दिली.

प्रवणता म्हणजे रोग नव्हे. यूरोपीय कुटुंबांत रुग्णाच्या शंभर भावंडांपैकी सु. ९४ जणांस हा रोग होत नाही. त्यामुळे रुग्णाच्या घराण्यास दोष देणे वा त्यावरून विवाहसंबंध नाकारणे यास शास्त्राचा आधार नाही.