जुनें सूक्ष्मदर्शक यंत्र : दुरुस्ती आणि पोथ्यांची परीक्षा

वाशीम जिल्ह्यांतील कारंजा हें गांव हस्तलिखितांच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. तेथील जैन भांडारांतील ग्रंथांची नोंद रायबहादूर हिरालाल यांच्या १९२६ सालच्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या हस्तलिखित-सूचींत आली, पुढें डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनीं संपादिलेलें पुष्पदंताचें ‘जसहरचरिउ’ १९३१ सालीं कारंजा जैन ग्रंथमालेंतच निघालें. अशा पोथ्यांचा काळ ठरवितांना आपण अक्षरांचें वळण व पुष्पिका पाहतों. कागद व शाई क्वचितच पाहतों. त्यासाठीं सूक्ष्मदर्शक यंत्र लागतें, व जुनें यंत्र घरीं दुरुस्त करून तें साधतां येतें. परंतु असें यंत्र हेंही एक अस्सल साधन आहे, हें दुरुस्ती करणारानें विसरूं नये.

आमच्या संग्रहीं जर्मनींतील वेट्झलार येथील लाइट्झ घडणीचें एक पितळी यंत्र आहे. नळीवरील कोरीव क्रमांक एक लाखाच्या आंतला आहे. त्या कारखान्यानें आपलें १,००,००० वें यंत्र १९०७ सालीं रॉबर्ट कोख यांस अर्पण केलें. तेव्हां आमचें यंत्र त्यापूर्वीचें ठरतें. मात्र त्याचें एक वस्तुभिंग येना येथील त्साइस घडणीचें निघालें. लाइट्झची नळी १७० मिलिमीटर लांबीची धरलेली असे, त्साइसची १६०; म्हणून अधिक वर्धनाचें चित्र धूसर येई. आंतली सरकती नळी १६० च्या खुणेवर आणतांच तें स्वच्छ झालें. परकें भिंग आम्हीं काढून टाकलें नाहीं. पोथींत मागाहून शिरलेल्या पानाप्रमाणें त्याची नोंद करून ठेविली.

नळी वर-खालीं करणारें चक्र जाम झालें होतें. याचें कारण बहुधा मोडतोड नसून वाळून घट्ट झालेलें जुनें वंगण असतें. तेथें जोर केल्यास दांते तुटतात. प्रथम प्रत्येक भागाचें चित्र काढावें व स्क्रू क्रमानें निरनिराळ्या वाट्यांत ठेवावे. दांत्यांवरील वंगण पेट्रोलच्या बोळ्यानें, दिव्यापासून दूर व मोकळ्या हवेंत, काढून नवें अगदीं अल्प लावावें. सूक्ष्म फिरकी उघडूं नये. भिंगावरील धूळ रबरी फुग्यानें उडवावी, मग धुतलेल्या मऊ कापडानें हलकेंच पुसावें. वस्तुभिंगांतील कांचा कॅनडा बाल्समनें जोडलेल्या असतात; त्या सुट्या करूं नयेत व द्रावकांत बुडवूं नयेत.

सर्वांत मोठा अनर्थ पॉलिशानें होतो. पितळेवरील सोनेरी झांक लाखेच्या रोगणाची असते. स्पिरिटनें तें विरघळतें व घासण्यानें कोरीव अक्षरें झिजतात. चकचकीत झालेलें यंत्र बाजारांत शोभेल, पण त्याच्या इतिहासावर हरताळ फासला गेला असें समजावें.

दुरुस्त यंत्रानें आम्हीं जुन्या कागदांवर जें पाहिलें, त्याचें मोल संग्राहकांस सहज कळेल. घडी आधीं पडून मजकूर मागाहून लिहिला असेल, तर शाई घडीवरील तुटलेल्या तंतूंत पसरलेली दिसते. खोडलेल्या ठिकाणीं तंतू विस्कटलेले आढळतात. एवढ्यावरूनही सनदेंतील किंवा पुष्पिकेंतील बदललेला शक संशयास्पद ठरूं शकतो. या कामास कमी वर्धनाचें भिंगच घ्यावें आणि उजेड बाजूनें तिरपा टाकावा. खालच्या आरशाचा जाड कागदास उपयोग नाहीं. नळी बाजूनें पाहत खालीं आणावी व नंतर डोळा लावून वर नेत चित्र साधावें, म्हणजे भिंग पानावर टेकणार नाहीं.

वऱ्हाडांतील ज्या घरीं, शाळांत वा दवाखान्यांत अशीं यंत्रें पडून असतील, तेथील मंडळींनीं तीं मोडींत काढण्यापूर्वीं निदान घडणीचें नांव व क्रमांक उतरून ठेवावा, एवढीच विनंती आहे.