यीस्टमधील डीएनएच्या घड्या : प्रयोगपद्धती

बेकरीच्या यीस्टचा डीएनए सरळ केला तर सुमारे चार मिलिमीटर भरतो. 1.2 कोटी अक्षरजोड्यांचा हा डीएनए 16 गुणसूत्रांत विभागून जेमतेम दोन मायक्रोमीटर व्यासाच्या केंद्रकात मावतो. त्याच्या घड्या तपासणारी ‘थ्री-सी’ पद्धत योब डेकर, नॅन्सी क्लेक्नर व सहकाऱ्यांनी 2002 मध्ये याच यीस्टवर बसवली. तीत फॉर्मॅल्डिहाइडने डीएनए व प्रथिने जागच्या जागी सांधतात, ठरावीक अक्षरक्रम ओळखणाऱ्या विकराने डीएनए तोडतात आणि द्रावण भरपूर पातळ करून मोकळी टोके जोडतात. सगळी मदार या पातळ करण्यावर असते, कारण त्यामुळे आधीच सांधलेल्या तुकड्यांची टोके आपसांत जुळतात आणि परके तुकडे सहसा गाठ पडण्याइतके जवळ येत नाहीत. मग उष्णतेने सांधे सोडवून कोणते तुकडे किती वेळा जुळले ते पीसीआरने मोजतात. न सांधलेल्या शुद्ध डीएनएवरही हीच मोजणी करावी लागते. ती नसेल तर आकडे तुलनेला निरुपयोगी ठरतात.

या मोजणीतून तिसरे गुणसूत्र वेड्यावाकड्या कड्यासारखे दिसले. मात्र हाती येते ती असंख्य पेशींमधील भेटींची वारंवारता. तिला अंतर समजणे चूक आहे. ते कडे एखाद्या पेशीत जसेच्या तसे असेलच असे नाही. गुणसूत्रबिंदू केंद्रकाच्या एका टोकाशी गोळा होतात हे सूक्ष्मदर्शकाने आधीच दाखवले होते, मग एवढा खटाटोप कशाला, असा आक्षेप घेता येईल. पण 2010 च्या संपूर्ण जनुकसंचाच्या नकाशातही तेच दिसले, आणि स्वतंत्र पुराव्यांच्या या मेळामुळेच नकाशा विश्वासार्ह ठरतो. शिवाय ऑलिव्हर रँडो यांच्या प्रयोगशाळेतून 2015 मध्ये आलेल्या ‘मायक्रो-सी’ पद्धतीत न्यूक्लिओसोमांना, म्हणजे प्रथिनांवर गुंडाळलेल्या डीएनएच्या मण्यांना, जोडणारा मधला डीएनए तोडणारे विकर वापरले गेले. त्यातून एक ते पाच जनुकांचे छोटे विभाग उमटले. आधीच्या जाड नकाशांत ते दिसत नव्हते. फॉर्मॅल्डिहाइड मूळ रचना बिघडवत असेल, ही शंका अधिक गंभीर आहे. जिवंत पेशीत चकाकणारे ठिपके बसवून केलेली निरीक्षणे या शंकेपासून मुक्त असली, तरी एका वेळी मोजक्याच जागा दाखवतात. म्हणून दोन्ही पुरावे शेजारी ठेवून वाचणे भाग आहे.

‘थ्री-सी’ यीस्टपुरती राहिली नाही. महाराष्ट्रात पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संजीव गलांडे यांच्या गटाने 2007 मध्ये ती मानवी पेशींवर वापरून एसएटीबी-1 आणि पीएमएल या प्रथिनांचा डीएनएच्या वेटोळ्यांशी असलेला संबंध दाखवला.

विखंडन-यीस्ट या दुसऱ्या यीस्टमध्ये तीनच गुणसूत्रे असतात; त्यात कोहेसिन या प्रथिनसंकुलावर अवलंबून असणारे गोलकाकार विभाग 2014 मध्ये नोंदले गेले.